जुनी मॅच एअर रायफल विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या रेंजवर दोन प्रकारचे पालक येतात. एकांना रायफल विकायची असते, कारण मुलगा आता क्लासला जाणार. दुसऱ्यांना घ्यायची असते, कारण मुलगी नुकतीच जिल्ह्यात खेळून आली आहे. दोघांची गाठ पडली की मला मध्ये बोलावतात. गेली काही वर्षं मी तीच तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. हे सगळं १० मीटर एअर रायफलबद्दल, म्हणजे ४.५ मिमी नळीच्या, पीप साइटच्या (बारीक छिद्रातून बघून नेम धरायच्या) मॅच रायफलबद्दल आहे.

नवी सोडून जुनी घ्यावीच कशाला?

पैसे, दुसरं काय. नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच रायफल मध्यमवर्गीय घराच्या बजेटात सहज बसत नाही, आणि खेळात दोन वर्षं टिकेल की नाही हे ठाऊक नसलेल्या मुलासाठी एवढा खर्च करायला जीव धजावत नाही. पण दुसरंही एक कारण आहे. चांगली मॅच रायफल मुळातच फार वर्षं चालावी म्हणून बनवलेली असते. तिचं लोखंड म्हातारं होत नाही, म्हातारं होतं ते रबर. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढची निम्मी उत्तरं तुम्हाला आपसूक सुचतील.

अगदी नवशिक्याने आधी क्लबची रायफल वापरावी. प्रीसिहोलसारख्या भारतीय बनावटीच्या रायफलींवरही सुरुवात होते आणि छान होते. जुनी परदेशी रायफल घ्यायची ती कोच ‘आता स्वतःची हवी’ म्हणाल्यावर.

लायसन्स लागतं का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि नळी .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठी नसेल तर परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. जर्मन बनावटीच्या रायफलीवर पंचकोनात ‘एफ’ असं अक्षर कोरलेलं दिसलं तर ती तिथल्या साडेसात ज्यूलच्या मर्यादेत बसणारी आहे असं समजा.

परवाना लागत नाही म्हणजे कागद लागत नाही असं नव्हे. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, रायफलीचा अनुक्रमांक घातलेली सहीची पावती आणि मिळालं तर मूळ बिल, एवढं घ्याच. बाहेरून आयात झालेली असेल तर कोणाच्या नावाने आणि कुठल्या सवलतीत आली ते स्पष्ट विचारा. सवलतीत आणलेल्या मालाच्या विक्रीला अटी असू शकतात. त्याची खात्री राज्य नेमबाजी संघटनेच्या कार्यालयात करायची, विकणाऱ्याच्या ‘काही होत नाही हो’ यावर विसंबून नव्हे.

समोर ठेवलेली रायफल कोणत्या जातीची आहे, हे कसं ओळखू?

बाजारात फिरणाऱ्या जुन्या मॅच रायफली तीन पिढ्यांच्या असतात. काय तपासायचं ते पिढीवर ठरतं, म्हणून हे आधी.

पहिली स्प्रिंगवाली. फाइनवेर्कबाऊ ३००एस हे तिचं सगळ्यात ओळखीचं नाव. बाजूचा दांडा ओढला की आत स्प्रिंग दबते. गोळी सुटताना नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवरून किंचित मागे सरकते, त्यामुळे खांद्याला झटका जाणवत नाही. डायना ७५ मध्ये झटका मोडून काढायला दोन पिस्टन एकमेकांविरुद्ध धावतात. डोकं चालवलेलं आहे यात शंका नाही, पण तिचे जुने सील (हवा अडवणाऱ्या रिंगा) भुगा होतात आणि दोन्ही पिस्टनची वेळ पुन्हा जुळवणारा कारागीर मिळणं म्हणजे नशीब. ३००एसच्या पिस्टनला पोलादी रिंग असते, म्हणून या पिढीतली मला तीच जास्त भरवशाची वाटते.

दुसरी, एका दांड्यात हवा भरणारी. फाइनवेर्कबाऊ ६०१, ६०२, ६०३ आणि अनशुट्झ २००२ ही त्यातली मंडळी. दांडा उघडून मिटला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, हवा भरून घ्यायला स्कूबावाल्याच्या दारात उभं राहणं नाही. माझी ही लाडकी पिढी आहे. तक्रार एकच: साठ शॉटच्या मॅचला साठ वेळा, वर सायटिंगचे (मॅचआधी साइट जुळवायचे) निराळे, दांडा मारायचा. बारा वर्षांच्या मुलीचा खांदा चाळिसाव्या शॉटला बोलायला लागतो.

तिसरी, सिलिंडरवाली. फाइनवेर्कबाऊ पी७० आणि ७००, वॉल्थर एलजी३००, स्टायर एलजी११०, अनशुट्झ ८००२. आज स्पर्धेत जवळपास सगळे याच पिढीवर खेळतात. यात नळीखाली दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो, आणि खरेदीतल्या फसवणुकीचा मोठा वाटा त्या सिलिंडरपाशीच असतो.

‘फारशी वापरलेलीच नाही, सात वर्षं कपाटात होती.’ हे चांगलं ना?

नाही. गाडीच्या बाबतीत जे खरं ते इथेही खरं. रोज चालणाऱ्या रायफलीचे सील ओलसर, लवचीक राहतात. कपाटातल्या रायफलीचे कोरडे पडतात, आणि मुंबई-कोकणातल्या कपाटात तर बाहेरून गंजही चढतो. रोज शंभर शॉट मारलेली आणि दोन वर्षांपूर्वी सील बदललेली रायफल मी डोळे मिटून पसंत करीन. ‘सर्व्हिसिंग कधी केलं, कोणी केलं, काय बदललं?’ हा प्रश्न ‘किती वापरली?’ याच्या आधी विचारायचा.

सिलिंडरवर नेमकं काय पाहायचं?

तारीख. महिना आणि साल त्याच्या अंगावर कोरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची आहे आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. म्हणजे २०१४ साली बनलेला सिलिंडर २०२४ नंतर दिसायला कितीही चकचकीत असला तरी नियमाने बाद.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘इथे कोण बघतंय?’ जिल्ह्याला कदाचित नाही बघणार. पण २०० बार दाबाची नळी तुमच्या मुलाच्या गालापासून हातभर अंतरावर असते, हे विसरून चालणार नाही. नियम स्पर्धेच्या दिवसापुरता आहे, दाब रोजचा आहे.

मी स्वतः एकदा इथेच फसलो. विकणाऱ्याने सिलिंडर रायफलीला लावलेला ठेवला होता आणि तारखेची बाजू आतल्या अंगाला होती. मी उतरवून बघायचा आळस केला. घरी आणून काढला तर मुदत संपून चार वर्षं झालेली. त्या मॉडेलचा नवा सिलिंडर मिळायला मला पाच महिने लागले, आणि पैसे किती गेले ते बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून सिलिंडर फिरवून काढायला सांगा, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पुसट असेल, खरवडलेली असेल किंवा वरून रंग मारलेला असेल तर तो सिलिंडर नाहीच असं धरून भाव करा. दोन सिलिंडर मिळत असतील तर दोन्हींची तारीख बघा. दुसरा बहुधा पहिल्याच्याच वयाचा असतो.

हवा गळते की नाही, हे कसं कळेल?

सिलिंडर भरून रायफल एक रात्र ठेवायला मागा. भरताना हवा तापते, त्यामुळे दाबाच्या गेजवर लगेच वाचलेला आकडा फसवा असतो. तासाभराने वाचा, लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत वाचा. दुपारी ४० अंश आणि पहाटे ३० अंश असा फरक असेल तर नुसत्या थंडीनेच २०० चे १९४ दिसतील. त्याला गळती म्हणायचं नाही. १९४ चे सकाळी १६० झाले तर मात्र कुठेतरी रबर गेलंय. सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

एका दांड्याच्या रायफलीत रात्रभर थांबायची गरज नाही. दांडा मिटून लगेच एक शॉट मारा. पुन्हा दांडा मिटा, नळी टार्गेटकडेच ठेवून मिनिटभर थांबा आणि मारा. दुसरा शॉट नेमाने खाली लागत असेल तर सील थकलंय. दांडा मिटताना हाताला चढता विरोध जाणवला पाहिजे. लोण्यातून सुरी फिरल्यासारखा दांडा मिटला तर खूश होऊ नका.

नळी झिजलेली असेल तर?

ही भीती जवळपास सगळ्यांना असते आणि जवळपास कुणाच्याच कामाची नसते. शिशाचा मऊ छर्रा, सेकंदाला १७० मीटरचा वेग, ना दारू ना उष्णता. यात पोलादी नळी झिजायला मालकाचा जन्म पुरत नाही. नळ्या बिघडतात त्या माणसांच्या हाताने: लोखंडी ब्रश घालून, किंवा तोंडावर आपटून.

तपासणी एक रुपयाची आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, कानात घालायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच गोल फिरवा. कापसाचे धागे एकाच जागी अडकले तर तिथे खरवड आहे. मग आतून उजेड धरून बघा. गंजाचे ठिपके दिसले तर नमस्कार करून निघा.

कागदावर किती मोठा ग्रुप (सगळ्या भोकांचा मिळून पसारा) चालेल?

इथे गणित मांडू, कारण विकणारे ‘एकच भोक पडतं’ एवढंच सांगतात.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला शिवली की दहा, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलेला ग्रुप ९.५ मिमीचा असला तरी, तो बरोबर मध्यावर बसला तर, सगळे दहा लागू शकतात. पण आता मोजणी दशांशात होते. प्रत्येक दशांशाला पाव मिलिमीटर, १०.९ पर्यंत. त्यामुळे ९.५ मिमीच्या रायफलीवर समाधान मानू नका. टेकूवर घट्ट ठेवून, चांगल्या माणसाने मारलेले दहा शॉट सात मिलिमीटरच्या आत बसले तर जुन्या रायफलीला मी पास करतो. सहाच्या आत बसले तर भाव करताना जरा नरम होतो.

महत्त्वाचं असं की एकाच प्रकारच्या छर्ऱ्यांवर निकाल देऊ नका. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जमलं तर आणखी एखादे, असे दोन-तीन डबे घेऊन जा. ४.४९, ४.५० अशा डोक्याच्या मापांनीही फरक पडतो. एका छर्ऱ्याला आठ मिलिमीटर देणारी नळी दुसऱ्याला साडेपाच देते, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चपट्या तोंडाचेच मॅच छर्रे वापरा. कोपऱ्यावरच्या दुकानातले टोकदार छर्रे घालून ‘रायफल बरोबर नाही’ म्हणणारे काका मी पाहिलेत.

वेग मोजायचं यंत्र (क्रोनोग्राफ) असायलाच हवं का?

असलं तर सोनं. क्लबमध्ये विचारा, कुणाकडे तरी असतं. सेकंदाला १६५ ते १७५ मीटर हा ठीक वेग. पण आकड्यापेक्षा सारखेपणा बघा. दहा शॉटमध्ये सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत तीन-चार मीटरचा फरक ठीक; दहाचा फरक म्हणजे खर्च.

सिलिंडरवाल्या रायफलीत एक खास चाचणी करा. दहा शॉट मारा, मग पंधरा-वीस मिनिटं चहा प्या, मग एकच शॉट मारा. तो शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक वेगाने गेला, तर रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब शॉटपुरता उतरवणारा भाग) दाब धरून ठेवत नाही, हळूहळू वर झिरपू देतो. मॅचमध्ये मूल जरा जास्त वेळ थांबलं की त्याचा शॉट विनाकारण वर जाणार आणि बिचारं स्वतःला दोष देत बसणार. ही चाचणी न करता घेतलेल्या रायफली दुरुस्तीला माझ्याकडे येतात.

ट्रिगरमध्ये काय बघायचं?

एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही (५०० ग्रॅमची अट पिस्तुलाला आहे), त्यामुळे आधीच्या मालकाने तो अगदी केसावर आणून ठेवलेला असू शकतो. पहिला टप्पा, स्पष्ट अडखळ, मग सुटणं, हे तीन वेगवेगळे जाणवले पाहिजेत. छर्रा न भरता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून रायफल ‘ड्राय’वर (हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सोयीवर) लावा आणि दस्त्याला तळहाताने हलका धक्का द्या; आपोआप सुटला तर जुळवणी चुकलीय किंवा आतला भाग झिजलाय. ड्राय प्रॅक्टिसची सोय चालते का तेही बघा, कारण घरातला निम्मा सराव त्यावरच होणार. स्प्रिंगवाली रायफल मात्र छर्ऱ्याशिवाय कधी सोडू नका. आणि तिचा दांडा उघडा असताना, छर्रा घालतेवेळी, एक हात दांड्यावर पक्का ठेवा. बोट चेंबरजवळ असताना दांडा सुटला तर बोट जातं. हे मुलांना सांगून पुरत नाही, करून दाखवावं लागतं.

साइट वेगळी विकत घेता येईल ना?

येईल, पण मागची डायऑप्टर साइट (म्हणजेच पीप साइट) ही रायफलीतली किमती वस्तू आहे. ‘साइट सोडून’ अशी जाहिरात स्वस्त वाटते आणि शेवटी महाग पडते.

तपासायची रीत: टेकूवर तीन शॉट मारा. साइट दहा क्लिक उजवीकडे, तीन शॉट. दहा वर, तीन शॉट. दहा डावीकडे, तीन शॉट. दहा खाली आणि शेवटचे तीन. शेवटचे तीन पहिल्या तिघांवर येऊन बसले पाहिजेत, आणि मधला आकार चौकोन दिसला पाहिजे. चौकोन तिरका झाला किंवा मिटलाच नाही, तर स्क्रूमध्ये ढिलेपणा आहे. पुढच्या साइटच्या रिंगा सोबत मिळतात का, हेही विचारा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राच्या रायफलीची साइट स्पर्धा सुरू होण्याच्या जरा आधी पडून मोडली होती, आणि तो चौथा आला. एवढा मोठा नेमबाजही त्या दिवशी एका साइटपायी अडकला.

दस्ता मुलाला बसेल का?

इथे पालक हमखास चुकतात, कारण रायफल बघायला बाबा एकटे जातात. मुलीला घेऊन जा, तिचं जॅकेट घेऊन जा. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) मागे-पुढे, चीक पीस (गाल टेकवायचा भाग) वर-खाली होतो का आणि तिच्या मापापर्यंत पोहोचतो का बघा. गाल टेकवल्यावर मान न वाकवता साइट डोळ्यासमोर आली पाहिजे. वजन पेलतंय का, हे एका मिनिटात कळत नाही. दहा मिनिटं उभं करा. डावखुऱ्या मुलाला उजवा दस्ता घेऊन ‘सवय होईल’ म्हणू नका. लाकडी दस्त्यात मुठीजवळ आणि स्क्रूभोवती केसासारखी चीर शोधा. ओरखडे सोडून द्या, चीर सोडू नका.

जुनी रायफल स्पर्धेत चालते का?

साइटसकट वजन ५.५ किलोच्या आत हवं, आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिमीच्या आत. पुढे कुणी लांब नळकांडं जोडलं असेल तर टेप लावून मोजा. शालेय स्पर्धेत ओपन साइट आणि पीप साइट असे गट वेगळे असतात. मूल कोणत्या गटात खेळणार ते शाळेतल्या सरांना विचारूनच रायफल ठरवा.

स्वप्निल कुसाळेसारखी रायफल हवी, असं मुलगा म्हणतो.

स्वप्निलने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, पॉइंट टू-टू रायफलवर. ती काडतुसाची बंदूक आहे, तिला परवाना लागतो, आणि तो रस्ता निराळा आहे. आधी १० मीटर खेळू दे.

कोणतं तेल घालायचं?

विचारल्याबद्दल आभार, कारण खोबरेल तेल घातलेली रायफल मी हाताळली आहे. थंडीत ते गोठलं होतं. शिलाई मशीनचं तेलही नको. दाबाच्या हवेच्या वाटेवर खनिज तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं. रबराच्या रिंगांना अगदी थोडं सिलिकॉन ग्रीस, बस्स. विकत घेताना सिलिंडरच्या तोंडाशी तेलकट काळपटपणा दिसला तर ही चूक आधीच झालेली आहे असं समजा.

फोटो आणि व्हिडिओवरून ठरवू का? विकणारा नाशिकला, आम्ही लातूरला.

लातूर-नाशिक एक दिवसाचा प्रवास आहे, करा. फारच अडचण असेल तर नाशिकच्या रेंजवरच्या एखाद्या कोचना दोन तास देण्याची विनंती करा आणि त्यांचं मानधन द्या. व्हिडिओत ना सिलिंडरची गळती दिसते, ना ट्रिगरची अडखळ.

भाव कसा करायचा?

माझी पद्धत साधी आहे. रायफल उत्तम स्थितीत असती तर या मॉडेलला किती दिले असते तो आकडा धरतो. त्यातून सिलिंडर बाद असेल तर नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत वजा, सील बदलायचे असतील तर ती मजुरी वजा, साइट किंवा सिलिंडर भरायचा अडॅप्टर नसेल तर तेही वजा. अडॅप्टर लोक विसरतात. प्रत्येक कंपनीची आटी निराळी, आणि त्याशिवाय सिलिंडर म्हणजे नुसती शोभेची नळी. ज्या मॉडेलचे सुटे भाग मागवून देणारं तुमच्या ओळखीत कोणी नाही, ते मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेऊ देत नाही. उलट सील बदललेली ६०२, मूळ साइटसह, मुलीच्या मापात बसणारी असेल, तर मुदत संपलेल्या सिलिंडरच्या नव्या मॉडेलपेक्षा तिला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. शेजारच्या लेनवरची मुलं हसतील. स्कोअर लागला की गप्प होतील.

घेतली. आता घरी कशी न्यायची?

सिलिंडर काढून, कडक पेटीत, पेटी बंद करून. एसटीत डिक्कीत टाकू नका, मांडीजवळ ठेवा. विमानाने येत असाल तर सिलिंडर रिकामा करून वेगळा ठेवा आणि विमान कंपनीला आधी कळवा. घरी आल्यावर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यात त्या महिन्याला बदला. पहिल्या आठवड्यात साइटला हात लावू नका. आधी मुलीला दस्त्याची सवय होऊ दे, क्लिक नंतर मोजू.